तारेखालची जागा

बडनेऱ्यापर्यंत रूळ येऊन पोचले, आगगाडी धावू लागली, तसा ते काम पाहणारा गोरा इंजिनियर बिऱ्हाड आवरून निघाला. त्याच्या सामानाचा लिलाव बंगल्यासमोरच्या निंबाखाली झाला. कापसाला सोन्याचा भाव आलेली ती वर्षं होती. आसपासच्या गावांतले कास्तकार गाड्या जुंपून आले आणि ज्याच्या डोळ्यांत जे भरलं ते त्यानं उचललं. कुणी दुमडायची खुर्ची घेतली, कुणी काचेचा दिवा. एकानं साहेबाचं अंघोळीचं पत्र्याचं टोपलं नेलं आणि त्यात बैलांसाठी सरकी भिजवायला घातली. खुशालराव गिटार घेऊन घरी आला.

त्याची थोरली बहीण गोदाबाई तेव्हा ओसरीवर तूर निवडत बसली होती. गाडीतून उतरताना त्यानं ती वस्तू तान्ह्या लेकरासारखी दोन्ही हातांवर धरली होती, ते पाहून तिनं सूप खाली ठेवलं.

"काय आणलं रे हे?"

"सायबाचा बाजा हाये, बाई. सतारीसारखाच. भोपळा नाई एवढंच."

तिनं बोटाच्या टोकानं एक तार छेडून पाहिली. तार आतड्याची होती. आवाज मऊ निघाला आणि खोलीत गेल्यासारखा आत विरला. तिला तो आवडला, तसं ती म्हणालीही.

या घरात गाणं वडिलांपासून होतं. त्यांचे वडील नत्थुजी शेती सांभाळून सतार वाजवत. मुलाला त्यांनी सतार शिकवली. मुलीला शिकवली नाही, पण ती जवळ बसून ऐकायची आणि ऐकलेलं गाऊन दाखवायची. गोदाबाई लग्न होऊन पातूरला गेली आणि ऐन विशीत विधवा होऊन परत आली. त्याला आता बराच काळ लोटला होता. नत्थुजी गेले. घर खुशालरावाचं झालं, दूधदुभतं, कोठीघर, गडीमाणसांचं जेवणखाण गोदाबाईकडे राहिलं. त्यातलं कुठलंच काम तिचं स्वतःचं म्हणता येईल असं नव्हतं. दर एकादशीला दुपारनंतर घरच्या देवघरासमोर भजन होई, तेवढं तिचं होतं. पुरुष ओसरीवर, बाया माजघरात, आणि मधल्या चौकटीला टेकून गोदाबाई. खुशालराव सतार धरी, ती गाई. लांबच्या वाड्यावस्त्यांवरच्या बाया तिचं ऐकायला येत.

गिटार घरात आली तेव्हा वैशाख सुरू होता. त्या उन्हात आतड्याच्या तारा एकामागून एक तुटल्या. तसल्या तारा अमरावतीच्या बाजारात कुणी पाहिल्याही नव्हत्या. खुशालरावानं मग सतारीच्या तारा आणल्या, पोलादी आणि पितळी, आणि त्या चढवल्या. गिटारीचा मऊपणा गेला, पण आवाज खणखणीत झाला, पार वेशीपर्यंत ऐकू जाई. लोकांना तेच आवडलं. लोक वाजवणं ऐकायला कमी आणि साहेबाचा बाजा पाहायला जास्त येत. खुशालरावालाही ते बरं वाटे. नत्थुजींची सतार त्यानं गवसणी घालून खुंटीला टांगली.

पोलादाची तार आतड्याच्या तारेपेक्षा कितीतरी ताणून बांधावी लागते. तो ताण गिटारीच्या नाजूक दांडीनं सोसला, पण सरळ राहून नाही. वैशाख-ज्येष्ठाच्या उकाड्यात तिचे सांधे धरून ठेवणारा सरस सैल झाला आणि ती पुढे वाकत गेली. रोज वाकली ती केसाएवढी, त्यामुळे वाजवणाऱ्याच्या ध्यानात येण्यासारखं काही नव्हतं. बोटं जास्त दुखू लागली, तर खुशालरावाला वाटलं, पोलादाची तार आहे, दुखणारच.

आषाढातल्या भजनात पहिल्यांदा ते घडलं. गोदाबाई खालच्या सुरांत गात होती तोवर सगळं ठीक होतं. वर गेली आणि तिचा आवाज व गिटार एकमेकांना घासू लागले. तिला ते दाढेत खडा आल्यासारखं लागलं. तिनं भावाकडे पाहिलं. त्याच वेळी तोही तिच्याकडे पाहत होता.

लोक पांगल्यावर तो म्हणाला, "बाई, वरती उतरून रायली तू."

"मी?"

"थकली असशील. सकाळपासून उपास तुहा."

तिनं मान हलवली. उपास तर ती जन्मभर करत होती.

पुढच्या एकादशीला तेच झालं. त्याच्या पुढच्याही. आता खुशालराव गाणं चालू असतानाच मानेनं खूण करू लागला, वर घे, वर घे. ती वर घेई, तेव्हा तिचं तिलाच खोटं लागे, म्हणून पुन्हा आपल्या जागी येई, आणि पुन्हा खूण होई. अकोल्याचे एक आडते कापसाच्या कामानं घरी उतरले होते, ते भजनाला बसले. निघताना ते खुशालरावाला म्हणाले, वयोमानानं गळा बसतोच, बाईंना आता आराम द्या. बोलले ते चांगल्या मनानंच. चौकटीआड उभ्या असलेल्या गोदाबाईनं ते ऐकलं.

याच दिवसांत खुशालरावाची बायको शकुन गायला शिकत होती. ती त्याची दुसरेपणाची, त्याच्याहून बरीच लहान, अकोल्याची. गळा गोड होता, पण शिकवणारं कुणी भेटलं नव्हतं. दुपारी खुशालराव गिटारीवर एकेक ओळ वाजवी आणि ती तशीच्या तशी म्हणे. श्रावणापर्यंत ती इतकी तयार झाली की तिचा आवाज कुठला आणि तार कुठली हे ऐकणाऱ्याला सांगता येत नसे. वरच्या सुरांतही नाही.

मग शंकेला जागाच उरली नाही. एकाच बाजावर एक बाई बरोबर गात होती आणि दुसरी उतरत होती.

गोदाबाईनं वाद घातला नाही. भाद्रपदातल्या एकादशीला तिनं सकाळीच सांगून टाकलं, "आज शकुन म्हणन. मी टाळ धरतो." स्वतःबद्दल बोलताना ती अशी कधीकधी पुरुषासारखं बोले, घर चालवून लागलेली सवय. खुशालराव म्हणाला, "तुले वाटते तर तसं." त्यानं आग्रह केला असता तर ती गायली असती का, याचा तिनं त्या दिवशी थोडा विचार केला आणि सोडून दिला.

वाईट वाटलं ते चौकटीची जागा गेली याचं नव्हतं. तिला भीती वेगळीच वाटू लागली. डोळे अधू झाले तर माणसाला कळतं, सुईत दोरा जात नाही. कान बिघडला तर कोण सांगणार? विहिरीवरच्या चाकाचा आवाज, गाईचं हंबरणं, शेजारच्या लेकराचं रडणं हे सगळं आपल्याला आहे तसंच ऐकू येतं, की तेही उतरलेलं येतं? कामात असताना तिच्या तोंडी आपसूक गाणं यायचं. तेही तिनं बंद केलं. घरात कुणाच्या ते लक्षात आलं नाही. फक्त दूध काढणारा गडी एकदा म्हणाला की ढोरं हल्ली पान्हा उशिरा सोडतात.

दिवाळीनंतर शकुनच्या भावाकडे, अकोल्याला, बारसं निघालं. कापूस घरात येण्याची धांदल होती, खुशालरावाला निघता आलं नाही. शकुनचा भाऊ पंजाबराव स्वतः न्यायला आला आणि दोघी नणंद-भावजय त्याच्यासोबत आगगाडीनं गेल्या.

दुपारी पाळणा झाला, घुगऱ्या वाटल्या, आणि बाया शकुनला गाण्याचा आग्रह करू लागल्या. माहेरी तिच्या गाण्याची कीर्ती आधीच पोचली होती. तिचे मामा पुंजाराम भजनात वीणा धरत. ती वीणा म्हणजे वाजवायची नव्हेच, नुसता एक सूर धरून ठेवायचा. त्यावर पडदे नाहीत, बोट दाबायचं नाही. मामांनी वीणा खांद्याला लावली, तार छेडली, आणि शकुननं सुरुवात केली.

खालच्या ओळी छान गेल्या. बाया माना डोलवू लागल्या. मग ती वर गेली, वरच्या सा वर थांबली, आणि गोदाबाईच्या दाढेत पुन्हा तो खडा आला.

मामांचा हात थांबला. "पोरी, चढली तू," ते म्हणाले. "पुन्हा घे."

शकुननं पुन्हा घेतलं. पुन्हा तेवढीच चढली. तिसऱ्यांदा तिनं फार काळजीनं घेतलं, तरी सूर नेमका पहिल्या दोन वेळी होता तिथंच जाऊन बसला. दोघी-तिघी बायांनी एकमेकींकडे पाहिलं. शकुनची आई घाईनं म्हणाली, "प्रवासानं थकली ते."

गोदाबाई भिंतीशी बसली होती. तो सूर तिच्या ओळखीचा होता. भाऊ मानेनं खूण करून तिला जिथं चढवू पाहत होता तीच ती जागा. मामांची वीणा आणि तिचा कान एक बोलत होते. शकुन गिटारीसारखं गात होती, कारण ती गिटारीकडूनच शिकली होती.

कुणीतरी म्हणालं, "गोदाबाई, तुमी म्हणा ना. तुमचं तर नाव ऐकलं हाये."

त्या क्षणी ती गायली असती, तर भर माहेरात, आईसमोर शकुनची उरलीसुरली अब्रूही गेली असती. तिनं घसा धरल्याचं सांगितलं आणि लेकराला मांडीवर मागून घेतलं.

परतीच्या गाडीत बायांच्या डब्यात दोघीच होत्या. शकुन खिडकीबाहेर पाहत बसली होती. मूर्तिजापूर गेल्यावर तिनं तोंड उघडलं.

"बाईजी, मी खरंच चढली होती?"

"हो."

"पण मी तर त्यायनं शिकवलं तसंच म्हणून रायली होती."

"तसंच म्हटलं तू. त्याच्यात तुही चूक नाई."

शकुन तिच्याकडे वळली. ती अल्लड होती पण मंद नव्हती. "म्हंजे भजनात तुमी उतरत नव्हत्या."

इतक्या महिन्यांत ते वाक्य कुणीतरी म्हणावं असं गोदाबाईला वाटत होतं, आणि आता म्हटलं गेलं तेव्हा तिला फारसं काही वाटलं नाही. "घरी गेल्यावर पाहू," ती म्हणाली. "उगाच त्याच्या बाजाले नाव ठेवायचं नाई."

दुसऱ्या दिवशी खुशालराव कापसाच्या गाड्यांबरोबर अमरावतीला गेला. दोघींनी नत्थुजींची सतार खुंटीवरून काढली. गवसणीत झुरळांनी अंडी घातली होती, ती झटकली. सतारीची मुख्य तार आणि गिटारीची एक मोकळी तार शकुननं एका सुरात मिळवली. दोन्ही इतक्या जुळल्या की एक छेडली की दुसरी आपोआप गुणगुणे.

"आता दाब," गोदाबाई म्हणाली.

शकुननं गिटारीच्या दांडीच्या वरच्या टोकाशी, खुंट्यांजवळ, तार दाबली आणि गोदाबाईनं तोच सूर सतारीवर छेडला. सतारीशी जवळजवळ जुळलं. शकुन दांडीवरच्या आडव्या पट्ट्यांवरून एकेक करत खाली सरकत गेली. जसजसा हात गिटारीच्या पोटाकडे आला तसतसा सूर सतारीपासून फुटत गेला, आणि तारेच्या मध्यावर, जिथं वरचा सा यायला हवा, तिथं तो उघडउघड चढलेला होता.

"फोडा आला माह्या बोटाले," शकुन बोट चोखत म्हणाली. "किती दाबा लागते इथी."

गोदाबाईनं गिटार आडवी करून डोळ्यांसमोर धरली. खुंट्यांपाशी तार पट्टीला जवळजवळ चिकटलेली होती. पोटाकडे ती उंच उंच होत गेली होती. तिनं बाजूच्या सुपातला तुरीचा दाणा उचलून मधल्या पट्टीवर तारेखाली सारला. तो न अडकता पलीकडे गेला.

"खुशाल सतारीवर मींड कशी काढते?" तिनं विचारलं.

"तार बाजूले ओढून."

"ओढली की सूर काय होते?"

"चढते." शकुननं गिटारीकडे पाहिलं, मग आपल्या बोटाकडे. "इथी ते खाली ओढा लागते. जेवढी उंच, तेवढी जास्त ओढा लागते."

"नुसती दाबली तरी मींड होऊन रायली," गोदाबाई म्हणाली. बोलून झाल्यावर ती बराच वेळ तो दाणा बोटांत फिरवत राहिली. शकुनला वाटलं ती रडेल. ती रडली नाही. तिनं सतार पुन्हा गवसणीत घातली आणि चुलीकडे गेली.

खुशालरावाला सांगितलं ते शकुननं. संध्याकाळी तो पाय धुऊन ओसरीवर टेकला, तेव्हा तिनं पाण्याचा तांब्या त्याच्यापुढे ठेवला आणि सरळच म्हणाली, "तुमचा बाजा वरती चढते. मामाच्या वीणेसमोर माही फजिती झाली."

"बाजा कसा चढन? रोज लावतो मी."

"मोकळ्या तारा लावता तुमी. दाबल्यावर पाहा."

तो हसला. बायकोची समजूत घालायची म्हणून त्यानं गिटार मांडीवर घेतली. नत्थुजींनी शिकवलेली एक गोष्ट त्याला येत होती. तारेच्या बरोबर मध्यावर बोट नुसतं टेकवायचं, दाबायचं नाही, छेडायचं आणि बोट उचलायचं. मग तार आपला खरा वरचा सा स्वतःच सांगते. त्यानं तसं केलं. घंटेसारखा बारीक सूर निघाला. मग त्यानं त्याच जागी तार दाबून छेडली.

पुन्हा टेकवून. पुन्हा दाबून.

दुसऱ्या तारेवर केलं. तिसऱ्या तारेवर केलं. शकुन उभी होती. गोदाबाई आत भाकरी थापत होती, आणि थापण्याचा आवाज थांबला होता.

"कवापासून हाये हे?" तो शेवटी म्हणाला. विचारलं कुणाला ते स्पष्ट नव्हतं.

त्या रात्री तो जेवायला बसला तेव्हा बहिणीकडे पाहून बोलण्यासारखं काहीतरी त्याच्या तोंडापर्यंत आलं असावं. तिनं भाकरी वाढली, त्यानं पुरे म्हटलं. भाऊ-बहिणीत क्षमा मागण्याची रीत त्या घरात नव्हती, आणि ती कशी मागतात हे त्याला ठाऊकही नव्हतं.

सतार असती तर त्यानं पडदा जरासा सरकवून काम भागवलं असतं. सतारीचे पडदे दोऱ्यानं बांधलेले, तारेच्या उंचीप्रमाणे कान सांगेल तिथं नेता येतात. या बाजाच्या पट्ट्या लाकडात ठोकलेल्या. त्या हलायच्या नाहीत, तेव्हा हलवायची ती तारच. तो गिटार घेऊन बडनेऱ्याच्या भगवंत सुताराकडे गेला. भगवंतनं असली वस्तू कधी हाताळली नव्हती, पण तारा ज्यावर टेकतात त्या घोडीवरची हाडाची पट्टी कानशीनं घासायला त्याची ना नव्हती. त्यानं ती घासली आणि जरा जास्तच घासली. तारा खाली बसल्या आणि पट्ट्यांना लागून खरखरू लागल्या. मग हाडाखाली बांबूची पातळ कामटी सारून त्या किंचित उचलल्या. तरी दोन तारा पोटाकडे खरखरतच राहिल्या, तेव्हा खुशालरावानं जाड तारा काढून बारीक चढवल्या आणि सगळ्याच एका सुरानं खाली लावल्या. वाकलेली दांडी मात्र भगवंतला सरळ करता आली नाही. सरस पुन्हा वितळवला तर सगळंच हातात येईल, असं तो म्हणाला.

आता मधल्या पट्टीपर्यंत सूर खरे येत. तिच्या खाली अजूनही थोडे चढत. आवाज पहिल्यासारखा वेशीपर्यंत जात नसे. काही लोकांनी बाजा बिघडला असं म्हटलं.

कार्तिकातल्या एकादशीच्या सकाळी खुशालराव गोठ्याच्या दाराशी येऊन उभा राहिला. गोदाबाई शेण काढत होती.

"बाई, आज तू म्हण."

"शकुन म्हणते ना."

"तिले आता सगळं नव्यानं शिका लागते. चढली म्हणून मामानं तिले सांगितलं, मले कोणी नाई. तू म्हण."

तिनं पाटी खाली ठेवली. "मी म्हणीन," ती म्हणाली, "पण सतारीवर. गिटार तुही, तू वाजव कवाबी. माह्यासंगं सतार घे."

त्यानं मान डोलावली आणि तारा लावायला गेला.

दुपारी चौकटीला टेकून ती बसली तेव्हा माजघर भरलेलं होतं. दोन-अडीच महिने गळ्याला काम नव्हतं. पहिल्या ओळींत तिचा आवाज कोरडा निघाला, दोन जागी श्वास पुरला नाही. हळूहळू तो मोकळा झाला. वरचा सा जवळ आला, तसं तिच्या लक्षात आलं की आपण आधीच स्वतःचं ऐकू लागलो आहोत, पारख केल्यासारखं, आणि पूर्वी असं कधी होत नव्हतं. ती सुरावर पोचली. त्याच वेळी खुशालरावानं हात उचलला आणि सतार थांबवली. तो सूर एकटाच माजघरात राहिला. खरा होता, की केसभर उतरलेला होता, तिला सांगता आलं नसतं. बायांना तो आवडला. शकुन डोळे मिटून तोच सूर ओठांतल्या ओठांत धरत होती.

भजन संपलं, पुरुष उठून गेले. खुशालराव सतारीला गवसणी घालू लागला. गोदाबाई त्याच्यासमोर येऊन बसली.

"काहून थांबला रे वरती?"

"असंच. तुले मोकळं राहू द्यावं म्हणून."

"पुढच्या खेपेले थांबू नको," ती म्हणाली. "तू वाजव. मी चुकली तर चुकू दे, पण तुही तार असू दे सोबत."

"बरं," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून दुपारची कामं आटोपल्यावर गोदाबाई शकुनला घेऊन बसू लागली. शकुनच्या गळ्यात बसलेला तो चढा सा निघायला फार वेळ लागला. माघ सरत आला तरी ती कधीकधी घसरून तिथंच जाई, आणि मग दोघी थांबत, आणि खालच्या सा पासून पुन्हा सुरू करत. त्या वर्षी कापसाचा भाव पडला. अकोल्याचे ते आडते पुन्हा कधी उतरले नाहीत. एकादशीचं भजन चालू राहिलं, आधी गोदाबाई, मग शकुन, मग काही दिवसांनी दोघी मिळून.